पिवळी रेषा आणि हिरवी रेषा

रसायनशास्त्राच्या तासास स्पिरिटचा दिवा लावून त्याच्या निळसर ज्योतीत चिमूटभर मीठ टाकण्याचा प्रयोग इतका जुना व इतका सोपा आहे की, त्याचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्योत क्षणार्धात पिवळीजर्द होते, मुले चकित होतात, आणि शिक्षक फळ्यावर ‘सोडियम – पिवळा’ असे लिहून पुढच्या बाटलीकडे वळतात. मोरचुदाने ज्योत हिरवी होते, चुन्याच्या क्षाराने विटकरी, स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने लालभडक, तर सोऱ्याने फिकट जांभळी. दिवाळीच्या रंगीत काड्यापेट्यांत हीच करामत असते. तास संपेपर्यंत मुलांच्या वहीत एक सुबक कोष्टक तयार होते, आणि परीक्षेत त्या कोष्टकास दोन-चार गुणही मिळतात.

परंतु ह्या कोष्टकाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. सोडियमने ज्योत पिवळी होते हे खरे. पण जेथे जेथे तसा पिवळा प्रकाश दिसेल तेथे तेथे सोडियमच असले पाहिजे, असे म्हणता येईल काय? ह्या प्रश्नाने थोरथोर शास्त्रज्ञांना सत्तावीस वर्षे झुलविले. त्याच जातीच्या दुसऱ्या एका प्रश्नाने तर सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांची परीक्षा पाहिली. विशेष हे की, ह्या दोन्ही कथांतील महत्त्वाचे प्रसंग सोलापुरापासून फार दूर घडलेले नाहीत. पहिला प्रसंग घडला सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूर व जमखंडी येथे, 1868 साली. आणि दुसरा घडला प्रत्यक्ष सोलापूर जिल्ह्यात, करमाळे तालुक्यातील जेऊर ह्या गावी, 1898 साली. पहिल्या कथेची नायिका एक पिवळी रेषा आहे, दुसरीची एक हिरवी रेषा.

रंग म्हणता म्हणता ‘रेषा’ हा शब्द कोठून आला, हे प्रथम सांगितले पाहिजे. सूर्याचा किरण काचेच्या लोलकातून गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा एक अखंड पट्टा भिंतीवर उमटतो. त्यास वर्णपट म्हणतात. मिठाच्या ज्योतीचा प्रकाश एका बारीक फटीतून घेऊन लोलकातून सोडला, तर असा अखंड पट्टा मिळत नाही. काळोख्या पार्श्वभूमीवर एकच झगझगीत पिवळी रेषा उभी राहते. आणि यंत्र अधिक चांगले असेल, तर ती एक नसून अगदी शेजारी शेजारी असलेल्या दोन रेषा आहेत असे दिसून येते. सोलापुरी चादरीचा लाल रंग आणि ज्योतीचा लाल रंग ह्यांत हाच भेद आहे. चादरीवरचा रंग पडलेल्या प्रकाशातील काही भाग शोषून उरलेला रुंद पट्टा आपल्याकडे परत पाठवितो. ज्योतीतील अणू मात्र स्वतःच्या मोजक्या रेषाच काय त्या बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि एका मूलद्रव्याच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांशी जुळत नाहीत.

जर्मनीतील फ्राउनहोफर ह्याने 1814 साली सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा पाहिल्या व त्यांतील ठळक रेषांस इंग्रजी अक्षरांची नावे दिली. पिवळ्या भागातील ठळक रेषेच्या वाट्यास ‘डी’ हे अक्षर आले. पुढे 1859 साली हायडेलबर्ग येथे किर्खहोफ व बुन्सेन ह्यांनी दाखविले की, सूर्यातील ही काळी ‘डी’ रेषा आणि मिठाच्या ज्योतीतील पिवळी रेषा नेमक्या एकाच जागी पडतात. तप्त वायू जो प्रकाश स्वतः बाहेर टाकतो, तोच प्रकाश त्याच्याहून अधिक तप्त वस्तूकडून येत असल्यास तो वायू शोषून घेतो. तेव्हा सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे हे सिद्ध झाले. नऊ कोटी मैलांवरील सूर्याची रासायनिक परीक्षा मिठाच्या चिमटीने झाली! त्याच युक्तीने बुन्सेन व किर्खहोफ ह्यांनी 1860 व 1861 साली सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये त्यांच्या रेषांवरून हुडकून काढली.

ह्या युक्तीचे सामर्थ्य हीच तिची अडचणही होती. एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतके सोडियम ज्योतीत असले तरी पिवळी रेषा उमटते, असे बुन्सेनने मोजून दाखविले. हवेतील धूळ, बोटांचा घाम, काचेची नळी, सर्वत्र सोडियमचा अंश असतो. म्हणूनच सोऱ्याचा जांभळट रंग पाहावयाचा असेल तर शिक्षक डोळ्यांपुढे कोबाल्टची निळी काच धरावयास सांगतात. ती काच पिवळा प्रकाश अडविते आणि त्याखाली झाकलेला पोटॅशियमचा रंग प्रकट होतो. तात्पर्य, त्या काळच्या प्रत्येक निरीक्षकाच्या मनात पिवळी रेषा आणि सोडियम ह्यांची सांगड पक्की बसली होती. पिवळी रेषा दिसली की तिचे नाव विचारण्याची कोणास गरजच वाटत नसे.

अशा वेळी 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण आले. चंद्राची छाया कोकणपट्टीवरून दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणकडे जाणार होती, आणि खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्यबिंबाच्या कडेस ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या कसल्या असतात हे तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. वर्णपटदर्शक हे यंत्र हाती आल्यानंतरचे हे पहिलेच मोठे ग्रहण असल्यामुळे ह्या कोड्याचा उलगडा होणार अशी सर्वांस आशा होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने यंत्रे धाडली. त्यांपैकी एक लहान, हाती धरावयाचा वर्णपटदर्शक कॅप्टन हेग ह्यांजकडे विजापूर येथे होता. आणि दुर्बिणीस जोडलेले मोठे यंत्र लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्यांजकडे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. दोघेही हिंदुस्थानच्या भूमापनखात्यातील अधिकारी. हर्शेल तर युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल ह्यांचा नातू. आणि त्याचे वडील सर जॉन हर्शेल ह्यांनी 1820 ते 1830 च्या दशकातच लिहून ठेविले होते की, ज्योतीच्या रंगावरून पदार्थाचा अत्यल्प अंशही ओळखता येईल. म्हणजे ज्योतीच्या परीक्षेचे बाळकडू ह्या तरुण अधिकाऱ्यास घरातच मिळालेले होते.

ऐन पावसाळ्याचे दिवस. जमखंडीचे आकाश ढगांनी भरलेले. ग्रहण लागले तरी ढग हटेनात. मौल्यवान मिनिटे निघून चालली असता ढगांस फट पडली आणि हर्शेलला एक ज्वाला सापडली. यंत्रात पाहताच अखंड पट्ट्याऐवजी त्यास तीन सुट्या रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी-पिवळी व एक निळी. त्याबरोबर उलगडा झाला की, ह्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत. तिकडे विजापुरास हेगला आपल्या लहान यंत्रातून दोन पट्टे दिसले, एक गुलाबी छटेचा तांबडा व दुसरा फिकट सोनेरी. गुंटूर व मच्छलीपट्टण येथील निरीक्षकांसही अशाच झगझगीत रेषा आढळल्या. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनच्या म्हणून ओळखता आल्या.

राहता राहिली पिवळी. हर्शेलने मिळालेल्या अल्प अवधीत तिची जागा मोजली, ती ‘डी’ रेषेवर पडली, आणि ती ‘डी’च आहे असे त्याने नमूद केले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या यंत्राच्या कुवतीपुरतेच हे विधान खरे मानावे, असा इशाराही त्याने त्यासोबत दिलेला होता. निरीक्षक प्रामाणिक होता. मात्र यंत्र स्थूल होते आणि वेळ अपुरा होता. वाचणारांनी इशारा सोडून दिला आणि निष्कर्ष तेवढा उचलला. सूर्यात सोडियम आहे हे सिद्धच होते. मग सूर्याच्या ज्वाळेत सोडियमची रेषा दिसली तर त्यात नवल ते काय?

ग्रहणानंतरच्या दोन घटनांनी ह्या समजुतीस धक्का दिला. गुंटूर येथे आलेला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन ह्यास ग्रहणात त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की, दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहून दाखविल्या. इंग्लंडात नॉर्मन लॉकयर ह्यास तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. त्याचे नवे यंत्र उशिरा तयार होऊन आले व 20 ऑक्टोबर 1868 रोजी त्याने घरबसल्या सूर्याच्या कडेवरील रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे फ्रेंच अकादमीपुढे एकाच दिवशी आली, आणि पुढे फ्रान्सने दोघांच्याही मुद्रा असलेले पदक काढले. ग्रहणाची पाच मिनिटांची मुदत आता राहिली नाही. सवडीने, पुनःपुन्हा मोजता येऊ लागले; आणि मोजता मोजता लॉकयरच्या ध्यानी आले की, ही पिवळी रेषा ‘डी’ नव्हेच! ती शेजारी आहे, पण तिचे घर निराळे आहे.

हे अंतर किती? प्रकाशाची तरंगलांबी अँगस्ट्रॉम ह्या एककात मोजतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. सोडियमच्या दोन रेषा 5896 व 5890 ह्या ठिकाणी पडतात. सूर्याची नवी रेषा पडते 5876 ह्या ठिकाणी. सोडियमच्या जवळच्या रेषेपासून अवघे चौदा अँगस्ट्रॉम! डोळ्यास दोन्ही सारख्याच पिवळ्या. रंगाने विचाराल तर दोघी जुळ्या बहिणी. मोजून पाहाल तर नात्यागोत्याच्याही नव्हेत. ह्या चौदा अँगस्ट्रॉमच्या फटीत एक संपूर्ण मूलद्रव्य दडून बसले होते.

लॉकयर व रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड ह्यांनी प्रयोगशाळेत नाना वायू तापवून पाहिले. ती रेषा कशातूनही निघेना. तेव्हा सूर्यावर एखादे अज्ञात द्रव्य असावे असा तर्क पुढे आला व सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास ‘हेलियम’ म्हणू लागले. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र त्यास आपल्या यादीत घेतले नाही. जो पदार्थ कोणी बाटलीत भरला नाही, तोलला नाही, त्यास केवळ एका रेषेच्या साक्षीवर मूलद्रव्य म्हणावयाचे कसे? ही शंका वाजवी होती, हे पुढील हकीकतीवरून दिसेलच. शेवटी 1895 साली विल्यम रॅम्से ह्याने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल घालून निघालेला वायू नळीत भरला, विजेने उजळविला, आणि त्यात एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. सोडियमचा अंश नळीत शिरला असेल अशी शंका कोणासही येणे साहजिक होते. परंतु ह्या वेळी कोणी घाई केली नाही. नळी विल्यम क्रुक्सकडे मोजणीसाठी गेली. त्याने रेषा मोजली, आणि ती सूर्यातील रेषेशी जुळली. सत्तावीस वर्षांनी हेलियम पृथ्वीवर सापडला.

येथे महाराष्ट्रात रूढ असलेल्या एका समजुतीचा खुलासा करणे इष्ट आहे. कोकणात विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखविले जातात व तेथूनच लॉकयरने 1868 साली हेलियमचा शोध लावला असे सांगतात. लॉकयर विजयदुर्गास आला होता हे खरे; परंतु तो आला 1898 च्या ग्रहणास. 1868 च्या ग्रहणाच्या वेळी तो इंग्लंडातच होता. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. विजयदुर्गाचा मान त्याने कमी होत नाही. मात्र पहिल्या ग्रहणात दख्खनमध्ये ज्यांनी पिवळी रेषा प्रत्यक्ष पाहिली त्या विजापूर-जमखंडीची आठवण ठेवणेही न्याय्य होय.

ह्या दोन ग्रहणांच्या मधल्या काळात एक लहानशी पण अर्थपूर्ण गोष्ट मुंबई-पुण्याकडे घडली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला हे पदार्थविज्ञान शिकवीत असत. 1878 साली पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते एम. ए. झाले होते. कॉलेजात वर्णपटाच्या प्रयोगांसाठी एक प्रयोगशाळा असावी म्हणून भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी पाच हजार रुपये दिले व मुंबई सरकारने तितकीच भर घातली. मूळ हेतू विद्यार्थ्यांस ज्योतीच्या व वायूंच्या रेषा दाखविण्याचा. यंत्रे घेण्यासाठी नायगमवाला 1884 साली विलायतेस गेले असता लॉकयरप्रभृतींनी त्यांस सल्ला दिला की, हीच रक्कम वेधशाळेस लावावी. पुढे नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि 1888 साली तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंच व्यासाच्या आरशाची तिची दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. वर्गातल्या टेबलासाठी मिळालेली देणगी आकाशापर्यंत पोचली ती अशी.

ह्या वेधशाळेतून नायगमवालांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचे निरीक्षण केले. ही रेषा मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कड आहे, असे लॉकयरचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस पुसट दिसली असती. नायगमवालांस ती दोन्ही बाजूंनी रेखीव आढळली, व त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ज्याच्या सल्ल्याने वेधशाळा झाली त्याच्याच मताविरुद्ध ही साक्ष होती. पण रेषेपुढे भीड चालत नाही.

आता दुसऱ्या रेषेची कथा. खग्रास ग्रहणात तांबूस ज्वालांच्याही बाहेर जे रुपेरी प्रभामंडल दिसते, त्याच्या वर्णपटात 1869 च्या अमेरिकेतील ग्रहणात यंग व हार्कनेस ह्या दोघांस एक हिरवी रेषा आढळली. यंगने तिची जागा पाहिली, तेव्हा ती लोखंडाच्या एका ज्ञात रेषेवर, म्हणजे सुमारे 5317 वर, पडते असे त्यास वाटले. पुढे जवळजवळ तीस वर्षे सर्वांनी तीच जागा धरून ठेविली. पण कोडे सुटेना. लोखंडाच्या इतर शेकडो रेषा प्रभामंडलात का नाहीत, आणि लोखंडासारख्या जड धातूची वाफ सूर्याच्या इतक्या वर कशी चढली?

22 जानेवारी 1898 रोजी चंद्राची छाया पुन्हा कोकणातून दख्खनवर आली. मुंबई-पुण्यास प्लेगाचा कहर चालू होता. दुष्काळाच्या जखमा अजून ओल्या होत्या. तशा दिवसांत, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर ह्या लहानशा स्टेशनाजवळच्या माळावर यंत्रांचे तळ पडले. एक तळ नायगमवालांचा. दुसरा अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कॅम्बेल ह्यांचा. कॅम्बेल ह्यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा ह्या माळावर उभा केला होता. हिवाळ्याचे आकाश निरभ्र होते. जमखंडीच्या ढगांनी छळलेल्या पिढीस हेवा वाटावा असा तो दिवस. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. परंतु आता डोळ्यांच्या भरवशावर राहण्याचे कारण नव्हते. छायाचित्राच्या काचेवर वर्णपट उमटत होता, आणि ती काच घरी नेऊन महिनोन्महिने मोजता येणार होती. नायगमवालांनी जेऊरच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल 1902 साली वेधशाळेतर्फे प्रसिद्ध केला.

कॅम्बेल ह्यांस प्रभामंडल सूर्याबरोबर कसे फिरते ते हिरव्या रेषेवरून शोधून काढावयाचे होते. त्यासाठी रेषेची जागा फार बारकाईने ठरविणे भाग होते. मोजणी करता त्यांस आढळले की, ही रेषा 5317 वर नाहीच. ती 5303 वर आहे. विजयदुर्गास लॉकयरच्या मंडळींनी घेतलेल्या छायाचित्रांवरूनही हेच निघाले. पुन्हा चौदा अँगस्ट्रॉम! पिवळ्या रेषेने जी हूल सोडियमच्या नावाने दिली, तीच हिरव्या रेषेने लोखंडाच्या नावाने दिली होती. सोलापूर जिल्ह्यातील एका माळावर घेतलेल्या छायाचित्रांनी तीस वर्षांची चुकीची ओळख पुसून टाकली.

मग ही हिरवी रेषा कोणाची? हेलियमचा दाखला ताजा होता. रॅम्सेच्या शोधास तीनच वर्षे झालेली. जी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही द्रव्यात सापडत नाही ती नव्या मूलद्रव्याची, हा धडा सर्वांनी गिरविलेला होता. प्रभामंडलातील अज्ञात द्रव्यास ‘कोरोनियम’ व तेजोमेघातील द्रव्यास ‘नेब्युलियम’ अशी नावे देण्यात आली. खुद्द मेंडेलेयेव्हने आपल्या कोष्टकात हायड्रोजनच्याही आधी कोरोनियमसाठी जागा कल्पून पाहिली. आज ना उद्या एखाद्या खनिजातून कोरोनियम निघेल अशी वाट पाहणे सुरू झाले.

कोरोनियम कोठेच निघाला नाही. उलट अणूच्या अंतरंगाचे ज्ञान जसजसे वाढू लागले, तसतशी त्यास बसावयास जागाच उरेना. 1913 साली दोन मोठ्या गोष्टी घडल्या. मोझ्ले ह्याने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की, मूलद्रव्यांस एक, दोन, तीन असे अनुक्रमांक आहेत. हायड्रोजन पहिला, हेलियम दुसरा, सोडियम अकरावा, लोखंड सव्विसावे. पहिल्याच्या आधी किंवा पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कोणी असणे शक्य नाही. त्याच वर्षी नील्स बोर ह्याने रेषांचे मर्म सांगितले. अणूच्या केंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनांस उर्जेच्या ठराविक पायऱ्याच मोकळ्या असतात. जिन्यावरील माणसास दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही, तसेच ते. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमचा सर्वांत बाहेरचा, अकरावा इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढतो, आणि खाली उतरताना त्या दोन पायऱ्यांतील उर्जेचे अंतर प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. ते अंतर ठरलेले, म्हणून रंग ठरलेला, म्हणून रेषेची जागा ठरलेली. वर्गातील पिवळी ज्योत म्हणजे अब्जावधी अणूंचे हे चढणे-उतरणे होय.

ह्यातूनच पुढचा, अधिक विलक्षण निष्कर्ष निघाला. अणूचा एखादा इलेक्ट्रॉन काढूनच घेतला, तर उरलेल्या इलेक्ट्रॉनांचा जिना बदलतो आणि रेषाही बदलतात. जे द्रव्य ज्योतीत एका रंगाने बोलते, तेच इलेक्ट्रॉन गमावल्यावर अगदी निराळ्या रंगाने बोलू लागते. किती उष्णतेस व किती विरळ वायूत किती अणू असे लुटले जातील, ह्याचे गणित 1920 साली मेघनाद साहा ह्यांनी मांडले, आणि सूर्याच्या वरच्या थरांत आयनित कॅल्शियमच्या रेषा इतक्या ठळक का, ह्याचा खुलासा झाला. 1927 साली बोवेनने दाखविले की, तेजोमेघातील ‘नेब्युलियम’ हे नवे द्रव्य नव्हेच. ती अतिविरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा आहे. म्हणजे पुण्याहून नायगमवालांनी जी रेखीव हिरवी रेषा पाहिली, ती प्राणवायूची होती!

प्रभामंडलाची हिरवी रेषा मात्र अजून अडूनच होती. अखेर जर्मनीतील ग्रोट्रियन ह्याने 1939 साली दिशा दाखविली आणि स्वीडनच्या एड्लेन ह्याने 1941 च्या सुमारास गणिताने सिद्ध केले की, 5303 ची ती रेषा लोखंडाची आहे. पण हे लोखंड साधे नव्हे. लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले तेरा, म्हणजे नेमके निम्मे, निघून गेलेले हे लोखंड. इतके इलेक्ट्रॉन हिसकावून घेण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास, आणि त्याच्या वरचे विरळ प्रभामंडल दहा लाखांच्या वर! ही गोष्ट कोणी स्वप्नातही आणिली नव्हती. प्रभामंडल इतके का तापते ह्याचा पुरा निकाल आजही लागलेला नाही.

दोन्ही रेषांचा हिशेब आता समोरासमोर मांडून पाहावा. पिवळी रेषा जुन्या, ओळखीच्या द्रव्याची म्हणून सोडून दिली; ती निघाली नव्या मूलद्रव्याची. हिरवी रेषा नव्या मूलद्रव्याची म्हणून गाजविली. ती निघाली जुन्या, ओळखीच्या लोखंडाची. यंगने आरंभी ‘लोखंड’ हेच नाव घेतले होते, हे खरे. परंतु त्याची रेषा चुकलेली होती. रीत चुकूनही उत्तर बरोबर आले, तर गणिताचे गुरुजी गुण देत नाहीत. कॅम्बेलच्या मोजणीने बरोबर नाव पुसले गेले, तरी तीच मोजणी सत्याच्या अधिक जवळची होती. कारण 5303 हा आकडा हाती नसता, तर एड्लेनचे गणित जुळविण्यास ठिकाणच उरले नसते.

हाच खरोखर ह्या सर्व इतिहासाचा गाभा आहे. हेलियम मानण्यास का-कू करणारे रसायनशास्त्रज्ञ हट्टी होते असे आपण सहज म्हणतो. पण त्याच सावधगिरीने कोरोनियमच्या बाबतीत विचार झाला असता, तर तो भ्रम इतका लांबला नसता. आणि अज्ञात रेषा म्हणजे नवे द्रव्य, हा धडा हेलियमच्या वेळी खरा ठरला म्हणून सर्वत्र खरा ठरेल, असे मानणे हीही एक घाईच होती. एका प्रसंगी आलेला अनुभव दुसऱ्या प्रसंगी पुरावा होऊ शकत नाही. प्रत्येक रेषेस स्वतःची साक्ष स्वतःच द्यावी लागते.

शाळेच्या प्रयोगाकडे पाहण्याची दृष्टी ह्या हकीकतीने पालटावी. मिठाची पिवळी ज्योत दाखविणे हा त्या तासाचा शेवट नसून आरंभ आहे. त्याच ज्योतीपुढे बारीक फट व एक साधा लोलक ठेविला, किंवा घरात पडून राहिलेली एखादी जुनी सीडी तिरपी धरली, तरी रंग वेगळे आणि रेषा वेगळी हे मुलांस डोळ्यांनी पाहता येते. सोडियमच्या दिव्यासमोर मिठाची ज्योत धरली तर ती काळसर दिसते. त्यात सूर्याच्या काळ्या रेषांचा अर्थ उमगतो. ज्या शाळेत हेलियमची नळी असेल तेथे ती मिठाच्या ज्योतीशेजारी ठेवावी. स्थूल यंत्रातून दोन्ही पिवळ्या रेषा एकच भासतील. सूक्ष्म यंत्रातून त्या दुरावतील. हर्शेलची जमखंडीतील अडचण आणि लॉकयरचे लंडनमधील यश ही दोन्ही त्या एका टेबलावर पाच मिनिटांत अनुभवास येतील.

सोलापूर जिल्ह्यातील मुलांस तर आणखी एक गोष्ट सांगता येईल. अणूच्या अंतरंगाकडे नेणाऱ्या वाटेवरचे एक पाऊल आपल्याच जिल्ह्यात, जेऊरच्या माळावर पडले होते, तेही प्लेगाच्या व टंचाईच्या दिवसांत, दोन मिनिटांच्या अंधारात. त्या पावलाचे मोल नव्या नावात नव्हते; ते एका अचूक आकड्यात होते. नाव देण्याची उतावीळ सर्वांसच असते. मोजून घेण्याचा धीर मात्र शिकावा लागतो. आणि तो शिकविण्यास स्पिरिटचा दिवा, चिमूटभर मीठ आणि एक लोलक एवढी सामग्री पुरेशी आहे.